चाळिशीत धरलेला दोर

श्रोतेहो,

आजच्या माझ्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकी काहींना हसू येईल. येऊ द्या. मलाही पहिले काही आठवडे स्वतःचे हसूच येत होते. मी गेली एकवीस वर्षे शाळेत गणित शिकवीत आहे, माझे वय त्रेचाळीस आहे, आणि गतवर्षीच्या पावसाळ्यात मी वडोदऱ्यातील एका व्यायामशाळेत दोरावर चढण्याच्या नवशिक्यांच्या वर्गात नाव घातले. त्या वर्गातील माझ्या खालोखाल मोठा विद्यार्थी अकरा वर्षांचा होता. या वयात ही बुद्धी मला का झाली आणि त्यातून माझ्या पदरात काय पडले, तेवढेच आज आपणांस सांगावयाचे आहे.

प्रथम कारण सांगते. वडोदऱ्यापासून सुमारे पन्नास किलोमीटरवर पावागड आहे. त्याच्या पायथ्याशी चांपानेर. २००४ साली चांपानेर-पावागडाचा समावेश जागतिक वारशाच्या यादीत झाला, तेव्हापासून तर शाळांच्या सहलींचे ते हक्काचे ठिकाण झाले आहे. आमची सहलही तेथे गेली. माचीपासून वर जाताना मला काही वाटले नाही. चढताना माणसाची दृष्टी वर असते. उतरताना मात्र एका वळणावर खालची दरी एकदम डोळ्यांपुढे उघडली आणि माझे पाय जागच्या जागी रोवले गेले. पुढचे पाऊल टाकवेना, मागेही फिरवेना. मागून चाळीस मुले येत होती. "बाई थांबल्या", "बाईंना काय झाले" अशी कुजबुज कानी येत होती. माझे माहेर वसईचे. आमचे आजोबा पायांत काथ्याचे कडे अडकवून नारळावर सरसर चढत, आणि त्यांच्या या नातीला धड बांधलेल्या पायऱ्या उतरवेनात!

त्या वेळी सातवीतील एक मुलगी पुढे आली. तिचे नाव मी येथे सांगत नाही. गणिताच्या तासाला ती शेवटच्या बाकावर बसे. फळ्यापाशी बोलावले की तिच्या हातातला खडू थरथरे. ती आळशी आहे असे माझे मत होते, आणि ते मी तिला एकदोनदा वर्गात ऐकविलेही होते. तिने माझा हात धरला आणि ती म्हणाली, "बाई, दरीकडे पाहू नका. पुढच्या पायरीकडे पाहा. फक्त एकच पायरी." अशा रीतीने एकेक पायरी मोजीत ती मला खाली घेऊन आली. खाली आल्यावर मी तिला विचारले, "तुला भीती कशी वाटत नाही?" ती म्हणाली, "वाटते की. पण मी दोरावर चढते ना, तिथे सवय होते. तुम्हीसुद्धा या."

मुले पुष्कळ गोष्टी बोलून जातात आणि मोठी माणसे त्या हसण्यावारी नेतात. परंतु हे बोलणे माझ्या मनातून जाईना. जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि एका संध्याकाळी मी त्या व्यायामशाळेच्या दाराशी जाऊन उभी राहिले.

श्रोतेहो, वडोदऱ्यास व्यायामशाळा ही काही नवी वस्तू नव्हे. सयाजीराव महाराजांनी १८७५ पासून १९३९ पर्यंत या संस्थानावर राज्य केले. १९०६ साली त्यांनी सर्व राज्यात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. पण पाटीपेन्सिलीइतकीच येथे मातीचीही कदर होती. उस्ताद जुम्मादादा आणि त्यांच्यामागून प्रा. माणिकराव यांच्या आखाड्याचे नाव दूरवर गाजले. दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी संपादित केलेला दहा खंडांचा व्यायाम ज्ञानकोश याच नगरीत सिद्ध झाला. मराठी माणसाने या गुजराती नगरीत जे काही आणले, त्यांपैकी बरेचसे आता पुसट झाले आहे. मराठी शाळांतील पट घटला आहे. पण व्यायामशाळेत पाऊल टाकताच मला एक नवल दिसले. मुले आपसांत गुजराती बोलत होती, पण दोरावर चढली की त्यांच्या तोंडी येणारे शब्द होते अढी, तेढी, दसरंग, सुईदोरा, फरारा. ती नावे मराठी आहेत याची त्यांना कल्पनाही नसावी.

हा सारा मल्लखांबाचा परिवार. मल्लखांब म्हणजे मल्लांनी सराव करावयाचा खांब. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वराने रचविलेल्या 'मानसोल्लास' या ग्रंथात मल्लांच्या अशा खांबाचा उल्लेख सापडतो. मध्यंतरी ही विद्या मागे पडली आणि दुसऱ्या बाजीरावाच्या काळी बाळंभटदादा देवधर यांनी तिचे पुनरुज्जीवन केले, असे परंपरा सांगते. पुरलेला खांब सागाचा किंवा शिसवीचा असतो, जमिनीवर सुमारे अडीच मीटर उंच, वर निमुळता होत जाणारा, माथ्याशी मान आणि बोंड असलेला. त्याला एरंडेल चोळतात, म्हणजे अंग घासले जात नाही. दुसरा प्रकार टांगलेल्या खांबाचा आणि तिसरा वेताचा. पुढे चांगला वेत मिळणे दुर्घट झाले, तेव्हा त्याच्या जागी सुती दोर आला. मुली बहुधा दोरावरच शिकतात, आणि मीही तेथेच शिकले.

पूर्वी ही विद्या लाल मातीच्या आखाड्यात चाले. आज आमच्या व्यायामशाळेत छप्पर आहे, वर लोखंडी तुळई आहे, तुळईला चार दोर बांधलेले आहेत आणि खाली जाड गाद्या अंथरलेल्या आहेत. माझा पुण्याचा भाचा हल्ली भिंत चढावयास शिकतो. उंच भिंतीला रंगीबेरंगी खुंट्या बसविलेल्या असतात, त्यांना धरून वर जावयाचे. टोकियोच्या २०२० च्या ऑलिंपिक स्पर्धा प्रत्यक्षात २०२१ साली भरल्या, त्यांत या खेळाला प्रथमच स्थान मिळाले. पण तेथे नवशिक्याच्या कमरेला दोर बांधलेला असतो आणि खाली उभा असलेला सोबती तो दोर सांभाळतो. हात सुटला तरी मनुष्य लोंबकळतो, पडत नाही. आमच्या दोराची गोष्ट वेगळी. येथे आपणांस कोणी बांधीत नाही. दोर बांधलेला असतो तुळईला, आणि आपण त्याला धरलेले असतो, इतकेच. जोपर्यंत धरले आहे तोपर्यंत वर.

पहिल्या दिवशी मी नमस्कारापाशीच अडखळले. व्यायामाला आरंभ करण्यापूर्वी सारी मुले कोनाड्यातील मारुतीपुढे हात जोडत. मी ख्रिस्ती. काय करावे या विचारात उभी असलेली पाहून आमचे शिक्षक, ज्यांना सारे दादा म्हणतात, ते सहजपणे म्हणाले, "बाई, आपापले स्मरण करा आणि दोराला हात लावा. दोर सर्वांचा सारखाच आहे." मी मनात क्रूसाची खूण केली आणि दोराला हात लावला. पुढे तो प्रश्न कधी उद्भवला नाही.

नंतर दादांनी मला त्याच सातवीतल्या मुलीच्या हवाली केले. या व्यायामशाळेत थोडे पुढे गेलेल्याने मागच्याला शिकवावयाचे, अशी वहिवाट आहे. म्हणजे सकाळी अकरा वाजता मी तिची बाई आणि सायंकाळी सहा वाजता ती माझी!

तिने मला दाखविले ते असे. दोन्ही हातांनी डोक्यावर दोर धरावयाचा. गुडघे छातीकडे ओढून घ्यावयाचे. एका पायाचा अंगठा आणि शेजारचे बोट यांच्या बेचक्यात दोर पकडावयाचा, दुसऱ्या पायाने त्यावर दाब द्यावयाचा. मग पाय ताठ करून चक्क उभे राहावयाचे आणि हात वर सरकवावयाचे. पाहताना हे सारे पाणी पिण्याइतके साधे वाटले. मी दोर धरला, गुडघे ओढले आणि क्षणार्धात गादीवर बसले. दुसऱ्यांदा तेच. पाचव्या वेळी हात इतके भरून आले की रुमालाची घडीही करता येईना. शेजारच्या दोरावर एक आठ वर्षांचा मुलगा खारीसारखा वर जाऊन तेथून माझ्याकडे कुतूहलाने पाहत होता.

मी घाम पुशीत त्या मुलीला म्हणाले, "तुला हे अगदी सोपे वाटत असेल, नाही?"

ती म्हणाली, "नाही, बाई. अवघड आहे. मला वर जायला चार महिने लागले. पण येते."

श्रोतेहो, ती रात्र मला नीट झोप लागली नाही. त्यास दुखरे दंड कारण होते, पण केवळ दंड नव्हेत. एकवीस वर्षे मी फळ्यापाशी उभी राहून एक वाक्य म्हणत आले आहे: "मुलांनो, हे अगदी सोपे आहे." ते मी धीर देण्याकरिताच म्हणते. पण ज्या मुलाला ते येत नाही त्याच्या कानी त्या वाक्याचा कोणता अर्थ पडत असेल? जे सोपे आहे तेही मला येत नाही, मग मी केवढा मूर्ख, हाच ना? त्या मुलीने मला सोपे आहे असे सांगितले असते तर दुसऱ्या दिवशी मी व्यायामशाळेत गेले नसते. तिने अवघड आहे असे सांगितले म्हणूनच मी गेले.

हात का भरून येतात, हे हळूहळू उमगले. नवशिका आपला सारा भार मुठींवर टाकतो. स्नायू फार वेळ घट्ट आवळून धरला की त्यातील रक्तवाहिन्या दाबल्या जातात, रक्ताचा पुरवठा कमी पडतो आणि पकड सुटते. हातांचे काम केवळ तोल सांभाळण्याचे. भार उचलावयाचा तो पायांनी. भाच्याला विचारले तेव्हा तो म्हणाला की भिंतीवरच्या वर्गातही पहिला धडा हाच आहे. पण समजणे निराळे आणि भीतीच्या क्षणी आठवणे निराळे. भीती वाटली की मूठ आपोआप आवळते, मूठ आवळली की हात थकतो, आणि हात थकला की भीती वाढते. या चक्रातून सुटण्यास मला दोन महिने लागले.

तिसऱ्या आठवड्यात एक फजिती झाली, तीही सांगितली पाहिजे. त्या दिवशी मला पकड थोडी साधली आणि मी डोक्याहून बरीच वर गेले. दादांनी "पुरे" म्हणून सांगितले होते. पण खाली लहान मुले पाहत होती आणि मला उगाच शौर्य चढले. आणखी एक वेळ हात वर सरकविला, सहज खाली पाहिले, आणि पावागडची ती दरी पुन्हा डोळ्यांपुढे उभी राहिली. पाय सुटले. मी दोर न सोडता घसरत खाली आले, ती तळवे आणि पावले सोलून घेऊनच. दोष सर्वस्वी माझा होता. दादा रागावले नाहीत. मलम लावीत ते एवढेच म्हणाले, "जितके उतरता येते तितकेच चढावे, बाई." पुढचे दोन आठवडे त्यांनी मला केवळ उतरणे शिकविले. हात सरकू द्यावयाचा नाही. एक हात सोडून खाली धरावयाचा, मग दुसरा. पाय सैल करावयाचे, पण सोडावयाचे नाहीत.

हाताला पट्ट्या बांधून वर्गात गेले तेव्हा मुलांनी अर्थातच विचारले. मी खरे ते सांगितले. मुले हसली, परंतु त्या हसण्यात कुचेष्टा नव्हती. आणि त्याच आठवड्यात अभ्यासक्रमात घातांकांचा धडा आला.

आता हा प्रसंग गणिताचा आहे, तरी कंटाळू नका. दोराची एक करामत आहे. दोराला पायाचा एक वेढा दिला की पकड वाढते. पण दुसरा वेढा दिला की ती दुप्पट होत नाही, कितीतरी पट होते. आमच्या वसईच्या किनाऱ्यावर भरला मचवा ओढ घेत असला तरी खुंटाला दोराचे दोन-तीन वेढे देऊन लहानसा मुलगा त्याला धरून ठेवतो. येथे घर्षणाची बेरीज होत नसते, गुणाकार होत असतो. मी वर्गात एक दोर नेला, टेबलाच्या पायाला गुंडाळला आणि विचारले, "समजा, एका वेढ्याने पकड पाचपट झाली. तर दोन वेढ्यांनी किती पट होईल?" साऱ्या वर्गाने एका सुरात उत्तर दिले, "दहापट!"

शेवटच्या बाकावरून हात वर झाला. ती म्हणाली, "पंचवीसपट, बाई. कारण दुसरा वेढा पहिल्या वेढ्याच्या पकडीलाच धरतो."

मी तिला फळ्यापाशी बोलाविले. खडू अजूनही थरथरत होता. तिने पाच गुणिले पाच लिहिले, पुढे तीन वेढ्यांसाठी आणखी एक पाच लिहिला आणि ती माझ्याकडे पाहू लागली. मी म्हणाले, "अवघड आहे. पण येते." वर्गाला त्यातले काही कळले नाही. तिला कळले.

गोष्टीतल्याप्रमाणे ती मुलगी गणितात पहिली आली, असे मी सांगणार नाही, कारण तसे झाले नाही. तिला पूर्वी शंभरांत सव्वीस गुण मिळत, ते सहामाहीत अडतीस झाले. पण ती आता फळ्यापाशी येते. जिला मी आळशी म्हणत होते, ती आळशी कधीच नव्हती. ती घाबरत होती. पावागडच्या पायरीवर मला जर कोणी आळशी म्हटले असते तर मला कसे वाटले असते, हा विचार मनात आला की आजही मान खाली जाते. मी तिला एकटीला बोलावून तसे सांगितलेही. ती संकोचाने म्हणाली, "असू द्या, बाई." आणि लगेच विचारू लागली, "आज सहाला येणार ना?"

२०२२ साली गुजरातेत राष्ट्रीय क्रीडास्पर्धा भरल्या, तेव्हा त्यांत मल्लखांबाचा प्रथमच समावेश झाला. त्या स्पर्धेत वडोदऱ्याच्या एका दहा वर्षांच्या मुलाने कांस्यपदक मिळविले. स्पर्धेच्या ऐन तोंडावर त्याचे वडील निवर्तले होते. आमच्या व्यायामशाळेत त्या मुलाचे नाव निघाले की लहान मुले क्षणभर गप्प होतात. मुले शौर्याची गोष्ट बरोबर ओळखतात. त्यांच्या तुलनेत माझा पराक्रम सांगण्याजोगा नाही. दोराच्या मधोमध लाल फीत बांधलेली आहे. नवव्या आठवड्यात माझा हात तिला लागला. वरच्या तुळईला तो अजून लागलेला नाही. कदाचित लागणारही नाही.

यंदाही सहल पावागडला गेली. तेच वळण, तीच दरी. माझी भीती गेली असेल असे आपणांस वाटत असेल, तर तसे नाही. ती तेथे माझी वाटच पाहत होती. फरक इतकाच की ती आली तेव्हा काय करावयाचे ते मला ठाऊक होते. मूठ सैल केली. दरीकडे न पाहता पुढच्या पायरीकडे पाहिले. माझ्या मागे सहावीतला एक मुलगा कठडा घट्ट धरून उभा होता, त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. मी त्याला म्हणाले, "अवघड आहे रे. माझा हात धर. फक्त एकच पायरी."

श्रोतेहो, आपणांपैकी जे शिक्षक असतील, आईवडील असतील, त्यांना माझी एकच विनंती आहे. जी गोष्ट आपणांस मुळीच येत नाही अशी एखादी गोष्ट वर्षा-दोन वर्षांतून एकदा तरी शिकावयास घ्यावी. ती पोहणे असो, पेटी असो, परकी लिपी असो. ती पुरती आली नाही तरी चिंता नाही. नवशिक्याच्या बाकावरून वर्ग कसा दिसतो, ते पुन्हा एकदा ध्यानात येते, आणि मग आपल्या तोंडून "सोपे आहे" हा शब्द थोडा जपून निघतो.

सहा वाजत आले आहेत, आणि माझ्या बाई उशीर खपवून घेत नाहीत. आपली रजा घेते. नमस्कार.